सोळा हलके पेपर

गावोगाव खेळायला जाणाऱ्या मुलींच्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरीपद म्हणजे काय असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने शुक्रवारी सकाळी या घरी यावे. बसायला मात्र जागा मिळणार नाही. जेवणाच्या टेबलावर सोळा जर्सी, खुर्च्यांवर वाळत घातलेले मोजे, फ्रिजवर बसमधल्या जागांची यादी, त्यात कोणाला गाडी लागते आणि कोणाला खिडकीच हवी याची नोंद. या सगळ्या पसाऱ्यात सेक्रेटरीबाई उभ्या. त्या अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात कामाला जात आणि उरलेला दिवस क्लबला देत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. संध्याकाळी तेच क्लबचे कोच, मुलींचे ‘सर’. आणि त्यांची तेरा वर्षांची लेक संघाची गोलकीपर. उंचीने आईच्या पुढे गेलेली, तरी घरातले ‘बबडी’ हे नाव मैदानावरही तिला चिकटले होते. समोरच्या संघाला हसू येई. पहिला गोल तिने अडवला की ते हसू जाई.

त्या टेबलावर एक फाइल होती आणि तिच्यात सोळा निळे कागद. त्यांच्याविषयी सांगायलाच हवे, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

लीगचा एक नियम होता. हंगाम सुरू होताना प्रत्येक मुलीला दहा शब्द वाचून दाखवायचे आणि पाच मिनिटांनी तिला आठवतील तेवढे विचारायचे. किती आठवले तो आकडा निळ्या कागदावर लिहायचा. तो कागद संघाबरोबर प्रत्येक गावी जाई. सामन्यात एखादीच्या डोक्याला मार बसला, तर मैदानावरच्या सिस्टर तिला वेगळे दहा शब्द देत. आधीपेक्षा कमी आठवले तर खेळ बंद, तीन आठवडे घरी. कमी नसले तर खेळायला मोकळी. डोक्याला आतून बसलेला मार बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणा शहाण्या माणसाने केलेला हा नियम होता.

तो वाकवणारी माणसेही शहाणीच होती. चार वर्षांपूर्वी एका चांगल्या खेळाडूला असे तीन आठवडे घरी बसावे लागले आणि संघ हरला. पुढच्या हंगामात चाचणीच्या रांगेत आया आणि बाप मुलींच्या कानाशी लागले. दहा आठवले तरी चारच सांग. म्हणजे उद्या डोके आपटले आणि पाच आठवले, तरी सुटलीस. याला क्लबमध्ये ‘हलका पेपर’ म्हणत. वाईट गोष्टीला असे घरगुती नाव मिळाले की तिची लाज वाटेनाशी होते. नव्या पालकांना जर्सी कुठे शिवून मिळते हे सांगावे त्याच सहजतेने जुने पालक हलक्या पेपराबद्दल सांगत. यात कोणी दुष्ट नव्हते. सगळे आपल्या लेकीवर जीव टाकणारे, पहाटे उठून डबे भरणारे लोक होते.

आपल्या सेक्रेटरीबाईंनीही यंदा चाचणीच्या हॉलच्या पायऱ्यांवर बबडीला बाजूला घेऊन सांगितले होते.

“खोटं सांगायचं?” बबडीने विचारले होते.

“खोटं कसलं त्यात? थोडं विसरायचं.”

बबडी आत गेली आणि चार शब्द सांगून आली. आदल्या दिवशी घरी तिने दहाच्या दहा म्हणून दाखवले होते.

शनिवारी परगावी उपांत्य सामना सुरू असताना कोपऱ्यातून चेंडू आला. बबडी उंच उडाली, कोणाचा तरी खांदा तिला लागला आणि तिचे डोके गोलच्या खांबावर आपटले. तो आवाज समोरच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांनाही ऐकू आला. ती पडून राहिली. सेक्रेटरीबाईंच्या हातातली पाण्याची बाटली कधी गळून पडली, त्यांना कळले नाही. मग बबडी उठून बसली, उभी राहिली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मैदानाच्या कडेच्या तंबूत सिस्टरांनी तिला दहा शब्द दिले. पाच मिनिटांनी तिने पाच सांगितले. निळ्या कागदावर चार होते.

“आपटून हुशारच झाली की पोरगी,” बेकरीवाले म्हणाले. त्यांची लेक संघात पुढच्या फळीत खेळे, तिला सगळे ‘बिस्कीट’ म्हणत. सगळे हसले. सेक्रेटरीबाईही हसल्या. शेवटची दहा मिनिटे बबडी खेळली, संघ जिंकला, आणि रविवारी अकरा वाजता अंतिम सामना खेळायचे नक्की झाले.

रविवारी सकाळी, संघ उतरला होता त्या वसतिगृहाच्या जेवणघरात मुली नाश्त्याला जमल्या. बबडीने जगमधून दूध ओतले. ते ग्लासात न पडता बोटभर बाजूला, टेबलावर पडले. शेजारच्या मुली खिदळल्या. बबडीही हसली, पण तिचे हसू जरा उशिरा आले. मग तिने मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि नेम धरून पुन्हा ओतले. या वेळी दूध ग्लासात पडले.

 अशी मान तिरकी करून एक डोळा मिटणारी माणसे सेक्रेटरीबाईंनी चष्म्याच्या दुकानात पाहिली होती. एकाचे दोन दिसू लागले की माणूस तसे करतो. अशा गिऱ्हाइकाला चष्मा विकायचा नाही, तडक डॉक्टरकडे पाठवायचे, असे दुकानाच्या मालकांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

“बबडे, डोकं दुखतंय का गं?”

“नाही.”

“दोन-दोन दिसतंय का?”

“नाही गं आई. मी ठीक आहे.” थोडे थांबून तिने विचारले, “आज कोणाशी आहे मॅच?”

“आत्ता तर सांगितलं तुला.”

“हो हो. सांगितलंस.”

ती ठीक आहे, हे आता कोणाला विचारायचे? मुलीला विचारून उपयोग नव्हता. ठीक आहे म्हणायला तिला आईनेच शिकवले होते. कागदाला विचारून उपयोग नव्हता, त्यावरचा आकडाही आईनेच सांगायला लावला होता. सेक्रेटरीबाईंना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. तरी त्या यंत्रासारख्या टेबल पुसत राहिल्या.

मैदानावर जाताच त्यांनी यजमानांना बसच्या मागे नेले.

“अहो, तिला आज उतरवू नका. मला तिची लक्षणं बरी दिसत नाहीत.”

“झोप झाली नसेल. नवीन जागा होती.”

“तिला दोन दिसतायत. मी रोज बघते अशी माणसं.”

“काल पाच आले तिला. चारावर पाच.”

“ते चार आपण आणले, अहो. दहा येत होते तिला. दहावरून पाचावर आलीय ती.”

 सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. एवढा हिशेब त्यांनाही काल तंबूतच कळला होता, पण संघ जिंकत होता आणि मुलगी उभी होती, म्हणून त्यांनी तो मनातून ढकलून दिला होता. “सिस्टरांना काय सांगायचं?” ते शेवटी म्हणाले. “एक पेपर खोटा म्हटलं की सोळाही तपासतील. क्लब बंद पडेल. आठ वर्षं घातलीत आपण यात.”

तेवढ्यात बेकरीवाले आले. नवराबायकोचे चेहरे पाहून त्यांना विचारावे लागले नाही. माणूस मदतीला तत्पर, आणि सल्ला तर त्यांच्या खिशातच असे.

“वहिनी, एवढं घाबरायचं कशाला? पोट बिघडलंय म्हणून सांगा. बबडीला बाकावर बसवा, आमच्या बिस्किटाला गोलमध्ये उभं करा. उद्या घरी गेल्यावर डॉक्टरला दाखवा निवांत. पेपराचं नावच काढायला नको.”

वाचकहो, किती सोपे होते ते. मुलगी खेळणार नाही, क्लब वाचेल, कोणाचे तोंड काळे होणार नाही. सेक्रेटरीबाईंना रडू येईल इतके हायसे वाटले. त्यांनी संघाच्या यादीवर बबडीचे नाव खोडले, पुढे ‘पोटदुखी’ असे लिहिले आणि सही केली. अक्षर वाकडे आले, एवढेच.

सामन्याला पंचवीस मिनिटे होती. बबडी बाकावर बसली होती आणि बिस्कीट तिच्याशेजारी बसून तिचे गोलकीपरचे हातमोजे घालत होती. ते तिला मोठे होत होते. सेक्रेटरीबाई मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या, तेव्हा दोघींची पाठ त्यांच्याकडे होती.

“मला भीती वाटतेय गं,” बिस्कीट म्हणाली. “तुझ्यासारखं माझं डोकं आपटलं तर?”

“काही होत नाही,” बबडी समजूत घालत म्हणाली. बोलताना तिचे शब्द जरा जड येत होते. “तुझा पेपर तीनचा आहे ना? मग चार शब्द धरून ठेव. ते वाचत असतानाच पहिले चार घट्ट धरायचे, बाकीचे ऐकायचेच नाहीत. मी पण असेच पाच धरले. मला बाकीचं काही ऐकूच येत नव्हतं, नुसतं गुणगुणल्यासारखं होत होतं. आणि उलटी आली तर गिळायची. सिस्टरांना दाखवायची नाही.”

“तुला आली होती?”

“रात्री दोनदा. आईला सांगू नकोस, तिला खूप टेन्शन असतं.”

बाटल्यांची टोपली सेक्रेटरीबाईंनी खाली ठेवली. ती जपून ठेवली, कारण त्यांना वाटले, आता हात सुटले तर आपण किंचाळू. ज्या गोष्टी आपण कधी तिला शिकवल्याही नव्हत्या, त्या लेक स्वतःच अंगावर काढून शिकली होती आणि आता मैत्रिणीला मायेने शिकवत होती. बिस्कीट मान हलवून लक्षात ठेवत होती. तिची बारा वर्षांची मान केवढीशी होती.

सेक्रेटरीबाईंनी बसमधून फाइल घेतली. तंबूपर्यंतचे अंतर शंभर पावलांचे असेल. तेवढ्यात त्यांना क्लबच्या पाटीपासून शेजारणींच्या नजरांपर्यंत सगळे आठवले.  भीती कमी झाली नव्हती, फक्त कशाची जास्त वाटते ते त्यांना कळले होते.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “माझ्या मुलीला पोटदुखी नाही. काल डोक्याला मार लागल्यापासून तिला उलट्या झाल्यात आणि दोन दोन दिसतंय. आणि हा कागद खोटा आहे. मी तिला चारच सांगायला लावले होते.”

सिस्टरांनी आधी फोन उचलून रुग्णवाहिका बोलावली. मग विचारले, “बाकीचे कागद?”

“सगळे असेच आहेत. सेक्रेटरी मी आहे. मला माहीत होतं.”

सरांनी बबडीला हाताला धरून आणले. त्यांनी बायकोकडे पाहिले, फाइलकडे पाहिले आणि गळ्यातली शिट्टी काढून सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. मग ते तिथेच उभे राहिले.

रुग्णवाहिका येईपर्यंत सिस्टरांनी बबडीला उताणे निजवले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि हळू आवाजात दहा साधे शब्द वाचले. खुर्ची. पाऊस. चावी. असेच. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आता सांग बाळा, काय काय आठवतंय?”

बबडीने सिस्टरांकडे पाहिले नाही. तिने आईकडे पाहिले. किती सांगू, एवढेच त्या नजरेत होते.

“येतील तेवढे सगळे सांग, राणी,” आई म्हणाली. “सगळे.”

“खुर्ची,” बबडी म्हणाली. मग बराच वेळ ती तंबूच्या कापडाकडे पाहत राहिली. “चावी.” तिचे ओठ हलले, पण त्यातून काही आले नाही. “आई, मी मुद्दाम नाही करत आहे,” ती म्हणाली आणि रडू लागली.

सेक्रेटरीबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. अंतिम सामना रद्द झाल्याचे भोंग्यावरून सांगितले गेले तेव्हा त्यांना ते ऐकूही आले नाही. रुग्णवाहिकेच्या दारात मात्र त्या वळल्या. तंबूभोवती पालक जमले होते. कोणी संतापले होते, कोणी फोनवर होते. एक आई म्हणत होती, “स्वतःच्या पोरीसाठी आमच्या पोरींचं वर्ष घालवलं.”

“हो, घालवलं,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. ते सगळ्यांना ऐकू गेले. “मी नियम मोडले, मला हवी ती शिक्षा होऊ दे. बबडीचं काय होईल मला माहीत नाही. पण तुमच्या मुली अजून धडधाकट आहेत. सिस्टर इथेच बसणार आहेत. ज्यांचे पेपर हलके आहेत त्यांनी आत्ता येऊन सांगा आणि खरे लिहून घ्या. मी परत आले की हेच काम करणार आहे, इथे नाही तर दुसऱ्या क्लबात, रांगेच्या तोंडाशी उभी राहून.”

दार बंद झाले. सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले.

रुग्णवाहिका निघून गेली. मग बेकरीवाले पुढे आले. सिस्टरांच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, “आमचा तीनचा आहे. तिला नऊ येतात.” त्यानंतर एक आजी आल्या. मग एक बाप आला, मान खाली घालून. मग कोणीच आले नाही. उरलेल्यांपैकी कोणी गाडीची किल्ली शोधत होते, कोणी जर्सी घडी करत होते, कोणी म्हणत होते की घरी जाऊन शांतपणे बोलू.

मुली बाकावर ओळीने बसून पाहत होत्या, कोणाची आई उठते ते.