घोरणं गेल्यावर

जयसिंगआप्पांनी घशावर लेझर करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नाही. दाढ दुखली तरी लवंग दाबून बसणारा माणूस. मधुमेहाची गोळी सुनेने हातावर ठेवल्याशिवाय घेत नसत. तेच एक दिवस मुलाला म्हणाले, "सूरज, त्या घोरण्याच्या डॉक्टरचा नंबर काढ."

घोरणं काही नवं नव्हतं. खराडीत शेत होतं तेव्हापासून ते घोरत होते. अंगणात बाज टाकून झोपले की गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. पुढे शेताच्या जागी काचेच्या इमारती आल्या, कंपन्या आल्या, आणि बिल्डरने व्यवहारात दिलेल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे कुटुंब राहायला गेलं. तिथे भिंती पातळ. सून अपेक्षा त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला होती आणि जेवणं झाल्यावर घरूनच तिचे अमेरिकेचे कॉल चालायचे. एकदा पलीकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे कसलं मशीन चालू आहे का? तिने हो म्हणून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांना ते सांगितलं. सगळे हसले. आप्पाही हसले.

नात सृष्टी जरा मोठी झाली, तिला वेगळी खोली दिली, तेव्हा आप्पांची बायको आनंदीबाई आपली गोधडी घेऊन तिच्या खोलीत झोपायला गेल्या. पोर एकटी घाबरते, आणि यांच्या घोरण्यापायी डोळ्याला डोळा लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आप्पांना त्यात वावगं वाटलं नाही. उलट एवढा मोठा पलंग आपल्या एकट्याला मिळाला म्हणून ते खूश झाले. सृष्टी शाळेत जायला लागली, अंधाराला घाबरेनाशी झाली, तरी बायको परत आली नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते महिपती गेल्यावर. महिपती त्यांचा चुलतभाऊ, शेजारच्या इमारतीत राहायचा. त्यांच्यासारखाच अंगाने भारी, त्यांच्यासारखाच घोरणारा, आणि घोरण्यामुळेच घरच्यांनी त्याला मागची खोली दिली होती. एका सकाळी त्याची सून चहा घेऊन गेली तर तो थंडगार पडलेला. कधी गेला ते कुणाला सांगता येईना. मयतीला जमलेली माणसं म्हणत होती, पुण्यवान, त्रास न होता गेला. आप्पांच्या डोळ्यांसमोर मात्र ते बंद दार होतं आणि दाराबाहेर टीव्ही बघत बसलेली घरची माणसं.

त्या दिवसापासून त्यांना झोपायची भीती वाटू लागली. ही भीती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाने, गावकीत ज्याचा शब्द चालला त्याने, एकटं झोपायला भीती वाटते असं कसं सांगायचं? त्यांनी मनाशी साधा हिशोब केला. बायको घोरण्यामुळे गेली. घोरणं गेलं की बायको परत येईल.

डॉक्टर वैशंपायन नारायण पेठेत बसत. अपेक्षाच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आधी एक छोटं यंत्र घरी दिलं. ते नाकाला आणि बोटाला लावून एक रात्र झोपायचं होतं. त्यात निघालं की झोपेत श्वास मधूनमधून थांबतो, पण प्रकार सौम्य आहे. कापाकापी नको, भूल नको. लेझरने पडजिभेजवळचा सैल भाग शेकून आवळून घेता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी बरोबर आलेल्या आनंदीबाईंकडे मोर्चा वळवला. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही, त्यामुळे साक्षीदार तुम्हीच, असं म्हणून त्यांनी विचारलं, यांचा श्वास थांबलेला तुम्हांला कधी जाणवलाय का?

"थांबतो की," आनंदीबाई म्हणाल्या. "घोरता घोरता एकदम गप व्हत्यात. मग हुंदका दिल्यावानी श्वास घेत्यात आन पुन्हा सुरू."

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं.

"म्हशी गेल्या तवापासून मला ठावं हाय. त्याच्या आधी मी रात्रीची झोपायची."

डॉक्टरांना म्हशींचा उलगडा झाला नाही. सूरजने मध्ये पडून सांगितलं, म्हणजे दहा-बारा वर्षं झाली असतील. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आप्पा भिंतीवरचा घशाचा तक्ता बघत होते.

निघताना डॉक्टरांनी त्यांना सुनावलं. रात्री दोन पेग घेऊन, पोटाला तडस लागेपर्यंत जेवून उताणं पडणार असाल, तर इथे येण्यापेक्षा त्याच वेळात चतुःशृंगी चढून या, निदान दर्शन तरी होईल. आप्पांना असं कुणी बोललेलं आवडत नसे. पण त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

उपचार सुरू व्हायच्या आधी सूरजने त्यांचं घोरणं फोनवर टिपून घेतलं, नंतर फरक कळावा म्हणून. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत बसून आप्पांनी ते पहिल्यांदा ऐकलं. आधी हसू आलं, मग लाज वाटली. मग मध्येच आवाज थांबला. फोन बंद पडला असं समजून त्यांनी सूरजकडे बघितलं. फोन चालूच होता. थांबला होता त्यांचा श्वास. तो परत आला तेव्हा पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा आवाज झाला. त्यांनी पुढचं ऐकलं नाही.

लेझरच्या तीन बैठका झाल्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. डोळ्यांना काळा चष्मा लावून आ वासून खुर्चीत पडायचं. टाळ्यावर गरम गरम काहीतरी फिरत राहायचं, चटका बसेल बसेल म्हणेपर्यंत थांबायचं. नंतर दोन दिवस घसा खवखवायचा. आप्पांनी दारू सोडली. संध्याकाळी लवकर जेवू लागले. सकाळी आयटी पार्कच्या बाजूने फिरायला जाऊ लागले. एकदा रखवालदाराने हटकलं, आत फक्त स्टाफला सोडतो म्हणाला. तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता. ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले. कुशीवर झोपता यावं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवून घेतला. सृष्टीला त्याची फार मजा वाटली.

तिसऱ्या बैठकीनंतर सूरजने पुन्हा आवाज टिपला. नुसता श्वास ऐकू येत होता, लहान मुलासारखा. यंत्र लावून पुन्हा तपासणी झाली, तीही चांगली आली. हा परिणाम कायमचा नसतो, वर्षाने पुन्हा एक बैठक घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, पण तेही खूश होते. अपेक्षाने ऑफिसमधून येताना पेढे आणले.

आप्पांनी आपली खोली आवरायला काढली. नवी गादी आणली. खिडकीकडची बाजू आनंदीबाईंची, तिथे साठलेली वर्तमानपत्रं आणि जुन्या बॅगा त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवल्या. एका दुपारी सूरज-अपेक्षा कामावर आणि सृष्टी शाळेत असताना ते स्वयंपाकघरात आले. आनंदीबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"आता आपल्या खोलीत ये झोपाया," ते म्हणाले. "घोरणं गेलं माझं."

"सूरज म्हनला. बरं झालं."

"मग आजच आन तुझी गोधडी."

"मी पोरीपाशीच बरी हाय."

आप्पांना वाटलं तिने नीट ऐकलं नाही. अगं, घोरण्यापायी तर गेली होतीस, असं ते पुन्हा म्हणाले. आनंदीबाईंनी हातातली काडी बाजूला ठेवली.

"घोरण्यापायी न्हाई. तुमच्या झोपंपायी गेले."

आणि मग त्यांनी म्हशींचं काढलं. खराडीच्या गोठ्यात त्यांच्या म्हशी होत्या. लग्नात माहेराहून आलेल्या एका पारडीपासून त्यांनी तो गोठा वाढवला होता. चंदननगरपर्यंत त्यांचं दूध जायचं, आणि लोक गोठ्याला जयसिंगचा नव्हे, आनंदीबाईंचा गोठा म्हणायचे. जमिनीचा व्यवहार ठरला तेव्हा बिल्डरला जागा मोकळी हवी होती. त्याच आठवड्यात आनंदीबाई आजारी आईला बघायला माहेरी गेल्या. परत आल्या तर दावणी रिकाम्या होत्या. खुंट्यांना तोडलेली दावी लटकत होती. आप्पांनी म्हशी चाकणच्या बाजारात नेऊन विकल्या होत्या. तुला विचारलं असतं तर तू रडत बसली असतीस, एवढंच ते म्हणाले होते; आता फ्लॅटमध्ये राणीसारखी बस.

"त्या रात्री मी उठून बसले हुते," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हनलं, ह्यांनाबी झोप न्हाई लागायची. तुम्ही उताने पडून घोरत हुतात. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. एवढं करून मानसाला झोप कशी लागती, ते ऐकत बसायची मी."

"म्हशींसाठी?" आप्पा म्हणाले. "एवढी वर्सं म्हशींसाठी मनात धरून बसलीस?"

आनंदीबाई पुन्हा मेथी निवडू लागल्या. आप्पा जायला वळले आणि दारात थांबले. मग जे महिनोन्महिने गिळून ठेवलं होतं ते त्यांच्या तोंडून निघालं.

"महिपतीसारखं झालं मला, तर कुनाला कळायचंबी न्हाई. तू शेजारी असलीस तर हलवशील तरी."

आनंदीबाईंचे हात थांबले. त्या आप्पांकडे बघत नव्हत्या.

"हलवतच हुते. तुमचा श्वास थांबला की कुशीवर लोटायची. मनात नसतानाबी लोटायची. तुम्हांला त्याचा पत्ताबी नसायचा." त्यांनी निवडलेली मेथी एका बाजूला सारली. "मग एकदा न्हाई हलवलं. हात पुढं केला आन मागं घेतला. बघत बसले. लई वेळ बघत बसले. तुमचा तुम्हीच घेतलात श्वास. दुसऱ्या दिवशी मी पोरीच्या खोलीत गेले."

कुकरची शिट्टी झाली. त्यांनी उठून गॅस बारीक केला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला परत बोलवू नका. सूरजला सांगून पलंगापाशी बेल बसवून घ्या."

बेल बसवली गेली. आता घोरणं नाही तर बेल कशाला, असं सूरजने विचारलं, तर आप्पा म्हणाले, वयाचं काही सांगता येतं का? आनंदीबाई का येत नाहीत, असं अपेक्षाने एकदा हळूच विचारलं. तिला पोरीची सवय लागली, एवढंच त्यांनी सांगितलं. मनातल्या मनात त्यांनी बायकोला आधी शिव्या घातल्या. मग हळूहळू शिव्याही सुचेनाशा झाल्या. गादीवर पाठ टेकली की तो पुढे केलेला आणि मागे घेतलेला हात त्यांना दिसायचा.

पावसाळा संपता संपता आनंदीबाई भावाकडे पारगावला गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि महिना झाला तरी आल्या नाहीत. भावाचा गोठा होता. फोनवर सृष्टीशी बोलताना त्या म्हशींचीच खबर सांगत, कोणती व्याली, कोणाचं पारडू अंगणात उधळतं. एवढं त्या फ्लॅटमध्ये वर्षभरात बोलल्या नव्हत्या.

आप्पा त्यांना आणायला गेले. दुपारची वेळ होती. आनंदीबाई पदर खोचून वैरण टाकत होत्या. त्यांनी हात धुतले, आप्पांना चहा करून दिला, पाहुण्याला देतात तसा, बशीत बिस्किटं ठेवून. पोर आठवण काढते, आप्पा म्हणाले. दिवाळीला येईन, त्या म्हणाल्या, आणि परत गोठ्यात गेल्या. आप्पा लिंबाखाली बाजेवर आडवे झाले आणि कित्येक दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली. मेव्हण्याच्या बायकोने त्यांना उठवलं. दाजी किती शांत झोपतात हो, आवाज म्हणून नाही, असं ती कौतुकाने म्हणाली. आनंदीबाईंनी निरोप दिला होता की वाटेत वाघोलीला संध्याकाळी गर्दी होते, त्यांना लवकर निघायला सांगा. धारा काढायची वेळ झाल्यामुळे त्या स्वतः आल्या नव्हत्या.

दिवाळीला त्या आल्या, भाऊबीजेला परत गेल्या.

वर्ष झालं तशी आप्पांनी नारायण पेठेत पुढची बैठक घेतली. या वेळी एकटेच गेले. साक्षीदार कुठे, असं डॉक्टरांनी विचारलं. माहेरी गेली, आप्पा म्हणाले. मग झोप कशी आहे, लागते का नीट, असं डॉक्टरांनी पुढे विचारलं.

"लागते," आप्पा म्हणाले. "पन लागली की दचकून जाग येती. कुनी हलवल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन घसा पुन्हा नीट बघितला. घसा उत्तम आहे म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.