पाहुणे आलेत का

तात्याच्या आजाराला डॉक्टरांनी भलंमोठं नाव दिलं होतं, पण घरात त्याला ‘पाहुणे’ म्हणत. शब्द आईचा. तात्या भिंतीकडे तोंड करून पडला, आंघोळ-जेवण सोडलं, की आई दारावर आलेल्याला आत घ्यायची नाही. आमच्याकडे पाहुणे आलेत, म्हणायची. आई गेली, शब्द आणि पाहुणे राहिले. तात्या काही म्हातारा नव्हता. लहानपणी मोठ्या माणसासारखा बोलायचा म्हणून पडलेलं नाव, पस्तिशी ओलांडली तरी चिकटलेलं.

मग त्याला फोन लागला, एखाद्याला दारू लागावी तसा. त्याच्यासारख्याच आजारी माणसांचा एक ग्रुप होता. खरं नाव कोणी सांगायचं नाही, दुखणं मात्र दिवसरात्र उगाळायचं. डॉक्टर म्हणाले, फोन कमी करा आणि कामाला लावा. त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, कामाला लावलं. ती ज्या लाँड्रीत काउंटरमागे बसून कपडे अल्टर करायची, तिथेच मागच्या खोलीत इस्त्रीवर. मालकीणबाई तोंडाने फटकळ, पण ठेवून घेतलं.

फोन काही सुटेना. तेव्हा त्याचं तिथलं नाव चोरून बघून, नुसती नजर ठेवायची म्हणून ताईच त्या ग्रुपात शिरली. नाव घेतलं ‘निळी छत्री’. थोड्याच दिवसांत तात्याने छत्रीला विचारलं, तुला झोप लागते का? घरात त्याने कोणाला काही विचारल्याला वर्षं लोटली होती. ताईने शिलाई मशीन थांबवलं, डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं. तिथेच फसली.

छत्रीला तो सगळं सांगू लागला. ताईबद्दलसुद्धा. ‘ताई चांगली आहे. पण माझ्याकडे अशी बघते, जसा काही मी डाग आहे आणि निघेन की नाही याचा तिला अंदाज येत नाहीये.’ हे वाचून ताईने हातातली पँट उगीचच उलटसुलट करून पाहिली.

आता तो फोनला चिकटायचा तो छत्रीसाठी, हे तिला कळत होतं. तिने लिहिणं बंद करून पाहिलं. तात्याने गोळ्या बंद केल्या, ताट तसंच परत यायला लागलं. तिने दोन ओळी लिहिल्या, तो जेवला. मग कुठलं बंद आणि कुठलं काय.

तशात एक शर्ट जळाला. मालकीणबाईंनी ताईला बाजूला घेतलं. आणखी एक कपडा जळाला तर तात्या दुसऱ्या दिवसापासून येणार नाही, म्हणाल्या. वर, “मी लाँड्री चालवू की दवाखाना, तूच सांग,” हेही ऐकवलं. घराबाहेर तात्याची तेवढी एकच जागा होती.

त्या दिवशी तो सकाळपासून गप्प होता. चेहरा राखेसारखा. आत जाऊन विचारलं असतं तर ‘काही नाही’ म्हणाला असता, म्हणून ताईने टेबलाखाली फोन धरून घाईघाईत लिहिलं, ‘आज पाहुणे आलेत का?’

पाठवलं आणि मग आपण काय लिहिलं ते तिच्या लक्षात आलं. त्या शब्दाचा तो अर्थ आता जगात दोनच माणसांना ठाऊक होता.

मागे टिंग वाजलं. त्यानंतर काहीच वाजलं नाही. मग वास आला.

ती धावली तेव्हा इस्त्री एका पांढऱ्या कोटावर होती आणि तात्या फोनकडे बघत उभा होता. ताईने इस्त्री उचलली. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खुंटीवरची तात्याची पिशवी काढून ताईच्या हातात दिली.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. ताई पायथ्याशी बसली.

“तात्या, बोल की रे. समोर बसलेय मी.”

“तुझ्याशी काय बोलू, ताई?” तो भिंतीला म्हणाला. मग म्हणाला, “फोन कुठंय तुझा?”

तिने पिशवीतून फोन काढला. पांघरुणाखाली उजेड झाला. टिंग.

‘हो. आलेत.’

तिने लिहिलं, ‘किती दिवस राहणार म्हणतात?’

हातभर अंतरावर टिंग वाजलं.

‘सगळं सामान घेऊन आलेत,’ तात्याने छत्रीला लिहिलं.