दात काढून घेतलेली गोळी

आमच्या ह्यांची किडनी संपावर गेली आणि अंगात फॉस्फेट नावाचा क्षार साठायला लागला. त्याच्यामागून आली खाज. खाज तरी कशी? हे पाठ खाजवायला लागले की शेजारी विचारायचे, "आज सुतार आलाय का हो तुमच्याकडे?" खोटं वाटत असेल तर चादर झटकायला या. शी! कोंडा, खपल्या, नखातलं रक्त. ते झाडलं की मला घास उतरायचा नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चावून खायच्या, म्हणजे अन्नातलं फॉस्फेट त्या पोटातच धरून ठेवतात. सूनबाईने त्याच औषधाची जेनेरिक गोळी आणली. तपासणीत फॉस्फेटचा आकडा जागचा हलेना. झालं, ह्यांच्या हाती आयतंच कोलीत!

"स्वस्तातलं देऊन मला मारायला निघालीय," असं डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांना सांगून आले. सूनबाईचे डोळे रडून रडून सुजले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, औषध तेच आहे." पण ऐकतील तर हे कसले! शेवटी मोठ्या कंपनीची, चकचकीत डबीतली आणली. राजाचा नजराणा आल्यासारखी घेतली ह्यांनी. आकडा? उलट वर!

"डबीतला माल बदलला असणार हिने!"

आता मात्र माझं टाळकं सटकलं. दुपारी मी ह्यांच्यासमोरच ठाण मांडलं. जेवण झालं. ह्यांनी कवळी काढली, माझ्याच पाण्याच्या पेल्यात बुडवली आणि बोटाने खळखळ ढवळली. भाजीचे तंतू वर तरंगायला लागले. मग बोळक्या तोंडात गोळी टाकली आणि गटकन घोट!

"अहो, चावायची ना ती?"

"खडू चघळल्यासारखं लागतं. कवळीला चिकटते. शिसारी येते मला."

"आणि तो पेला बघून मला काय येतं?"

म्हणजे कंपनीची असो की बिनकंपनीची, गोळी गोटीसारखी आत जायची आणि तशीच बाहेर यायची. कुठून, ते मला बोलायला लावू नका.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, चावत नसतील तर कुटून द्या." मी त्याच जेनेरिक गोळ्या कुटल्या आणि घासात कालवल्या. हे तोंड वेंगाडायचे, ओकारीचं सोंग आणायचे, पण गिळायचे. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. सुतारकामही थंडावलं.

मग एका सकाळी हे सूनबाईसमोर उभे राहिले. कवळी खिशात. पुटपुटले, "चुकलं गं माझं."

तिने कमरेवर हात ठेवले. "बाबा, दात लावा आणि मग बोला. आणि इथे नको, डायलिसिसच्या खोलीत. तिथे सगळ्यांनी ऐकलं होतं ना?"

ह्यांनी खिशातून कवळी काढली. तिला रुमालाचे धागे, बडीशेपेचा भुगा, आणखी काय काय चिकटलेलं. न धुताच तोंडात कोंबली आणि निघाले तिच्या मागोमाग. मीही गेले. तोंड फिरवून चालत होते. कान मात्र पुढेच ठेवले होते.