आवळीला गुंडाळलेला दोरा

"अठी नका लावू बाई, धग लागते झाडाले," कौतिक माळी म्हणाला. आवळीच्या बुंध्याशी गोवऱ्या रचणाऱ्या मनकर्णाबाईंनी हातातली गोवरीसुद्धा खाली ठेवली नाही.

"वारा बघा कसा सुटलाय, कौतिकभाऊ. खोडाचा आडोसा नसला तर बट्ट्या कच्च्या राहतील. मग सगळी गल्ली मलाच नावं ठेवील."

कौतिक डोकं खाजवत बाजूला झाला. देवाच्या कामाला आलेल्या बायकांशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि मनकर्णाबाईंसारख्या मास्तरीणबाईंशी तर नाहीच.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतली ही बाग वकीलसाहेबांची. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची रीत रंभाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, मोडली नव्हती. दर रविवारी फाटक उघडं. कोणीही यावं, गुलाबांच्या ताटव्यांतून फिरावं, कमळांच्या हौदाशी बसावं. 'फुले तोडू नयेत' अशी पाटी कुठेही नव्हती. पाटी लावली की येणाऱ्याला आधीच चोर म्हटल्यासारखं होतं, असं वकीलसाहेब म्हणत. त्यामुळे बुऱ्हाणपुरातली भलीभली द्वाड माणसंही तिथे हात मागे बांधून चालायची. कार्तिकातल्या नवमीला तर बाग बायकांचीच. हौदाच्या पलीकडे जुनी, डेरेदार आवळी होती. तिच्याखाली स्वयंपाक करायचा, तिची पूजा करायची, तिच्याच सावलीत जेवायचं आणि निघताना बुंध्याला दोरा गुंडाळायचा.

तापीवरच्या राजघाटाजवळच्या गल्लीतल्या बायकांची पुढारी मनकर्णाबाई. त्यांची वरण-बट्टी नावाजलेली, आणि हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. त्या दिवशीही बट्ट्या अशा खरपूस झाल्या की रंभाबाईंनी मागून घेतल्या. बट्ट्या भाजायचा गोवऱ्यांचा जगरा मात्र राखेखाली दुपारभर धुमसत राहिला.

जेवणं आटोपून बायका झोपाळ्याकडे गेल्या. मनकर्णाबाईंनी राख बाजूला ओढली. बुंध्याची साल काळी पडून तडकली होती. हात लावला तर ढलपाच सुटून आला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं. सारवायला आणलेलं शेण उरलं होतं, ते त्यांनी घाईघाईने लिंपलं आणि त्यावरून पूजेचा दोरा घट्ट गुंडाळला. मग बाकीच्या बायका आल्या, त्यांनीही आपापले दोरे तिथेच गुंडाळले. खालचं काहीच दिसेना. देवाचा दोरा, तो कोण सोडणार?

चैत्रात बागेतल्या सगळ्या झाडांना पालवी आली, आवळीला आली नाही. वैशाखात ती खडखडीत वाळली. मनकर्णाबाई रविवारी बागेत जायच्या, पण हौदाच्या अलीकडूनच परत फिरायच्या. घरी बट्ट्या करणंच त्यांनी सोडून दिलं. त्यांच्या यजमानांनी, वसंतमास्तरांनी, विचारलं, तर म्हणाल्या, "यंदा गहूच चांगला नाही." गव्हाची अशी फुकट बदनामी झाली.

मग एक दिवस शेजारच्या आशाबाई सांगत आल्या, "कौतिक गेला गं बाग सोडून. रंभाकाकूंनी काढलं नाही, खुद त्यानंच सोडली. म्हणे माघात भाचीच्या लग्नाला इच्छापूरला राहिलो, पाण्याची पाळी चुकली, माह्याच हातानं झाड गेलं. लाकूड भी जाळू दिलं नाही त्यानं. दोऱ्यासकट राजघाटावर नेऊन तापीत सोडलं. रडत होता बिचारा."

मनकर्णाबाई निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आपण केलं आणि भरतोय दुसराच, ही गोष्ट त्यांना घासागणिक आठवू लागली. रंभाबाईंकडे जायला त्या कितीदा तरी घराबाहेर पडल्या आणि भाजी घेऊन परत आल्या. गल्लीत आपलं काय राहील, या भीतीने पाय पुढे पडत नव्हता, हे त्यांचं त्यांना कळत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

पुन्हा कार्तिक आला. नवं राज्य नुकतंच झालं होतं. राजधानीचं नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आपण भोपाळचे झालो, अशी चर्चा करत बायका नवमीला बागेत शिरल्या. हौदापलीकडे ऊनच ऊन होतं. जमिनीलगत उरलेल्या खुंटाशेजारी खड्डा खणलेला आणि आवळीचं कोवळं रोप ठेवलेलं. रंभाबाईंनी इच्छापूरहून कौतिकला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो आला होता, पण रोपाला हात लावत नव्हता.

"कोणाच्या भी हातानं लावून घ्या काकू. माह्या हाताले आता यश नाही," तो म्हणाला. तो केळीच्या मळ्यात मजुरीला जात होता आणि पार वाळला होता.

मनकर्णाबाईंना राहवलं नाही. सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "कौतिकभाऊ, झाड तुमच्या हातानं नाही गेलं. मी घालवलं. माझ्या जगऱ्यानं साल जळली. मी शेण लिंपून वरून दोरा गुंडाळला."

कौतिकने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

"माह्यं मन राखाले बोलता बाई तुमी. धग लागते म्हनलो होतो मी, पन तेवढ्यानं एवढं झाड मरते का? तुमच्यासारखं माणूस असं करीन का?"

"खरंच सांगते. दोऱ्याखाली बघितलं असतं तर..."

"देवाचा दोरा कोन सोडते, बाई? मी नाई सोडला. आता तर तापीमाय घेऊन गेली."

रंभाबाईंनी पुढे होऊन मनकर्णाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "दुसऱ्याचा दोष असा अंगावर घेणारं माणूस मी आजच बघते. मनकर्णाबाई, रोप तुमच्याच हातानं लागू दे."

आशाबाईंनी पदराने डोळे टिपले. आता कितीही सांगितलं तरी आपला मोठेपणाच वाढणार, हे मनकर्णाबाईंना कळून चुकलं. त्यांनी खाली बसून रोप लावलं.

रोप लागलं तसा कौतिक जरा सैलावला. आळ्याच्या कडेला लावायला त्याने दगड शोधून आणले. मनकर्णाबाईंनी ते ओळखले. मागल्या वर्षी जगऱ्याभोवती त्यांनीच रचले होते. कौतिकने काजळी धरलेली बाजू आत केली.

"वरून चांगलं दिसते," तो म्हणाला आणि पूजेचा दोरा त्यांच्या हाती दिला. "गुंडाळा बाई. पहिला तुमचा."

रोप बोटाएवढं होतं. दोन वेढ्यांत सगळं झाकलं गेलं असतं. मनकर्णाबाई कितीतरी वेळ दोरा हातात धरून बसल्या.

"यंदा राहू द्या, कौतिकभाऊ," त्या म्हणाल्या. "साल दिसू द्या."

त्यांनी दोरा दगडावर ठेवला आणि त्या हात धुवायला हौदाकडे गेल्या.