तोफांच्या बेटाचा फोटो

फोटोच्या उजव्या कडेपासून चार सेंटिमीटरवर, तोफांच्या जुन्या कट्ट्यावर, नऊ मिलिमीटर उंचीची एक बाई पाठमोरी उभी आहे. तिच्यापुढे सगळा उपसागर, आणि पलीकडे उतरत्या उन्हातलं सॅन फ्रान्सिस्को. ती बाई मी आहे.

फोटोखालच्या पट्टीवर छायाचित्रकार म्हणूनही माझंच नाव आहे. शेजारी ‘प्रथम पारितोषिक’.

फोटो केतकीनं काढला, माझ्या सुनेनं. माझा मुलगा सुधन्वा तिकडे नोकरीला होता, तेव्हा आम्ही तिघं त्या बेटावर गेलो होतो. लष्कर केव्हाच निघून गेलेलं. ओस बराकी, गवत, वारा. हवं तसं ऊन येईपर्यंत केतकी तासभर टेकडीवर बसून राहिली. कॅमेरा माझा होता. प्रयोगशाळेत तीस वर्षं माझ्या उपकरणावर कुणीही घेतलेलं मोजमाप माझ्या नावानं छापलं जाई. करोल बागेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या फोटो-स्पर्धेचा अर्ज मी त्याच सवयीनं भरला. चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली. सांगू सांगू म्हणता तीन आठवडे गेले.

गेल्या वर्षी याच केतकीनं विचारलं होतं, मानेसरची नोकरी सोडून फोटोग्राफी करू का? “छंद म्हणून ठीक आहे,” मी म्हटलं होतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

“अहो मृणालताई, यात तर तुम्हीच दिसताय!” बक्षीस समारंभ सुरू होण्याआधी मंडळाचे कार्यवाह दिनकरराव फोटोपुढे वाकून, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. “टायमर लावला होता का?”

“हो.”

“बिल्कुल सायंटिस्ट!” म्हणत ते माइककडे गेले.

केतकी माझ्या मागेच उभी होती.

“आई, टायमर दहा सेकंदांचा असतो,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला त्या कट्ट्यापर्यंत जायला दहा मिनिटं लागली होती. मध्ये दोनदा बसलात.”

ती हसत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तू आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मग बक्षीसच लागलं.” तिनं माझ्या पदराची पिन सरळ केली. “चलो, जा आता. बोलावतायत.”

माझे कान तापले होते. पहिल्या रांगेत निम्मे लोक माझ्याच खात्यातले. दिनकररावांनी माइक हातात दिला. भाषणाचा कागद मी उघडलाच नाही.

“हा फोटो मी काढलेला नाही,” मी म्हणाले. “दिनकरराव, मघाशी मी तुमच्याशी खोटं बोलले. फोटो केतकीनं काढलाय.”