कडूबाची बायको, वय तीस

"लिवा की, कडूबाची बायकू. सारं गाव वळखतंय तिला," कडूबा म्हणाला आणि मुन्शी लिहितात की नाही हे बघायला बाजेवरून पुढे वाकला.

गयास मुन्शींनी टाक दौतीत बुडवला, पण कागदाला लावला नाही.

"तसं चालत नाही कडूबा. मागच्या खेपेला तसंच लिहून नेलं होतं, 'कडूबाची बायको, वय तीस'. आता वरून हुकूम आलाय. बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. नाव नसेल तर ओळच खोडायची. सोमवारी दुपारी यादी बंद होते."

"मंग खोडा. बायांनी मत दिऊन कोणाचं भलं व्हनार हाय?"

शेंद्र्याच्या शिवारातली ही धनगरवस्ती. साल एकावन्न, आषाढ लागलेला. मेंढरं गंगथडीहून, गोदाकाठाहून, परतलेली आणि माणसं चार महिने एका जागी सापडणारी. मुन्शींनी म्हणूनच हा मुहूर्त धरला होता.

घटना लागू होऊन दीड वर्ष झालं होतं. औरंगाबादेत ती नाना ठिकाणी दिसत होती. शहागंजातल्या एका हॉटेलवाल्याने तिच्या नावाचं कॅलेंडर लावलं होतं, मैदानावर तिच्यावर भाषणं होत होती, आणि तहसील कचेरीत तिची एक जाडजूड इंग्रजी प्रत काचेच्या कपाटात कुलपात होती. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बहुधा रजेवर. त्यामुळे त्या पुस्तकात काय लिहिलंय ते कचेरीतल्या कुणीही वाचलेलं नव्हतं. पण त्यातलं एक वाक्य मुन्शींच्या अंगावर येऊन पडलं होतं. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. मग प्रत्येकाची यादी करायला कुणीतरी सायकलवरून हिंडणं आलंच.

"बरं, तूच सांग तिचं नाव," मुन्शी म्हणाले.

"म्या? चार मानसांत बायकूचं नाव घिऊ?" कडूबा एवढा दचकला की भोवतालचे गडी हसले. "काय बी बोलता मुन्शी."

तेव्हा मेंढरांच्या वाडग्याकडून आवाज आला. लेंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन कडूबाची बायको उभी होती. पदर कपाळापर्यंत होता, पण नजर सरळ मुन्शींवर होती.

"मुन्शी, एक इचारू? तुमच्या घरात मंडळी हाय न्हवं?"

"आहे."

"तिचं नाव काय लिवलंय?"

मुन्शींचे कान तापले. शहागंजामागची आपली गल्ली त्यांनी सगळ्यांत आधी उरकली होती, घरबसल्या. स्वतःच्या दारापाशी तर हातही थबकला नव्हता. 'गयासोद्दीन यांची पत्नी, वय चौतीस.' आणि त्याखाली अख्खी गल्ली तशीच, अमक्याची पत्नी, तमक्याची आई. जो हुकूम घेऊन ते या बाजेवर बसले होते तो त्यांच्याच घराची ओळ खोडणारा होता, आणि हे त्यांच्या आत्ता, या बाईने विचारल्यावर, ध्यानात आलं.

"सांगा की. तुमी तिचं सांगा, मंग मी माजं सांगते."

मुन्शींनी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, बाहेर येईना. समोर सहासात परके पुरुष.

"आमच्यात तसं घेत नाहीत," ते कसंबसं म्हणाले.

"आमच्यात बी घेत न्हाईत," ती म्हणाली आणि पाटी घेऊन उकिरड्याकडे गेली.

वस्तीत मतदार बायका अकरा होत्या. त्यानंतर एकीनेही तोंड उघडलं नाही. मुन्शींनी कागद गुंडाळले आणि सायकल जालना रस्त्याला घातली. चूक कुणाची ते त्यांना कळलं होतं. बिचाऱ्याला रस्ताभर तेच खात होतं.

तसा हा माणूस भित्रा नव्हता. निजामाच्या अमलात तालुका कचेरीत त्यांचं उर्दू अक्षर नावाजलेलं. पोलिस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, आणि जुने सोबती भेटले की हसून विचारायचे, मुन्शी, कराचीचं तिकीट कधीचं? मुन्शींनी पहिलीचं मराठी पुस्तक आणलं आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी घरी पाटीवर ग म भ न गिरवलं. सहा महिन्यांत त्यांचं बाळबोध अक्षर असं झालं की नव्या तहसीलदारांनी मतदारयादी त्यांच्याच हाती दिली. विचारणाऱ्यांना उत्तर द्यायची त्यांची ही तऱ्हा होती.

दिवेलागणीला ते घरी पोचले. बायको तुरीची डाळ निवडत बसली होती.

"क्या हुआ? चेहरा कायकू उतर गया?"

मुन्शींनी सगळं सांगितलं. धनगरणीच्या प्रश्नापाशी ती खळखळून हसली. मग हसू ओसरलं.

"और तुम क्या लिखे मेरे आगे?"

तिला उर्दू वाचता यायचं, बाळबोध नाही. मुन्शींनाच वाचून दाखवावं लागलं.

"उमर तो बराबर लिखे," ती म्हणाली आणि सूप बाजूला सारलं.

मुन्शींनी घाईने दौत उघडली. "अब्भी लिख देता हूँ. एक मिनट का काम है."

तिने कागदावर हात ठेवला. "नक्को. पहले बोलो."

सोळा वर्षांच्या संसारात मुन्शींनी तिला 'सुनते क्या' याच नावाने हाक मारली होती. सासू मरेपर्यंत दुल्हन म्हणत राहिली. गल्लीतल्या बायका मुन्शीनबी म्हणत. तिचे वडील होते तोवर ईदेला येऊन दारातूनच तिला नावाने हाक मारायचे. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत तिचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. याचं तिला वाईट वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढंच ना.

"मेहरुन्निसा," मुन्शी दाराकडे बघून हळूच म्हणाले.

तिने नकारार्थी मान हलवली.

"मेरे सामने नक्को बोलो. मेरेकू मालूम है मेरा नाम. वो धनगरनी के सामने बोलो. उसके लोगां के सामने."

"लोगां हसेंगे."

"कराची का टिकट पूछते थे तब हसते नहीं थे क्या? तब तुम डरे नहीं. पाटी लेके बैठ गए. अब बीवी के नाम से डर रहे." तिने यादी त्यांच्या हातात परत दिली. "नहीं बोले तो मेरेकू बी काट देव. ग्यारह काट रहे, बारहवीं मैं. चोरी से लिखा हुआ नाम मेरेकू नक्को."

मुन्शींनी समजूत घातली, चिडून पाहिलं, घटनेचाही हवाला दिला. त्यावर ती म्हणाली की घटनेत नाव गुपचूप लिहायचं असं कुठं सांगितलंय ते दाखवा. मुन्शी दाखवणार कुठून, कपाटाला कुलूप.

रविवारी सकाळी ते पुन्हा वस्तीवर गेले. कडूबा आणि दोघेतिघे एका मेंढीचे खूर साफ करत होते. मुन्शींनी सायकल झाडाला टेकवली. बाजेवर बसले नाहीत.

"कडूबा, तुझ्या मंडळीला बोलाव."

ती आली. दोघीतिघी आणखी मागे येऊन उभ्या राहिल्या. मुन्शींनी टोपी नीट केली.

"माझ्या बायकोचं नाव मेहरुन्निसा," ते म्हणाले.

एक गडी फिस्सकन हसला. मुन्शींना वाटलं होतं की हसण्याने आपण मरू. तसं काही झालं नाही, उलट राग आला, आणि त्या रागात आवाज चढला.

"मेहरुन्निसा. वय चौतीस. शहागंजामागं राहते. मी यादीत तिचं नाव लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. तिनंच मला पाठवलंय."

कडूबाच्या बायकोने पदर थोडा मागे सारला.

"लई लांब नाव हाय," ती म्हणाली. "पर ग्वाड हाय. लिवा माजं. वच्छला."

"ए, गप की," कडूबा म्हणाला.

"तुमी कुटं सांगितलं? म्या सांगितलं. तुमची जीब इटाळली न्हाई."

मग बाकीच्या पुढे आल्या. एकीने विचारलं, माहेरचं सांगू का सासरी ठिवलेलं, आणि उत्तराची वाट न पाहता माहेरचं सांगून टाकलं. सगळ्यांत मागे एक म्हातारी होती. तिला पन्नास वर्षांत सगळे 'आये' म्हणत आलेले. ती म्हणाली, "थांब बाबा, आठवू दे," आणि खरोखरच थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने ते दोनदा सांगितलं, सारजाबाई. मुन्शींनी अकरा नावं लिहिली. इतकं सावकाश त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी बारावं लिहिलं. बायको समोर बसून प्रत्येक अक्षर बघत होती. मग तिने बुरखा चढवला आणि गल्लीत निघाली. परसदारातून परसदारी जात रात्रीच्या जेवणाआधी तिने सव्वीस बायकांची नावं गोळा करून आणली, आणि त्यातल्या चौघींच्या नवऱ्यांची बोलणीही खाल्ली. सोमवारी दुपारी यादी कचेरीत पोचली.

निवडणूक आली तेव्हा बावन्न साल उजाडलं होतं आणि थंडी सरली नव्हती. मुन्शींची नेमणूक शेंद्र्याकडच्या एका चावडीवर झाली. धनगरवस्तीची मतं त्याच चावडीवर होती. पण दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन गंगथडीला उतरतात. यादी आषाढात झाली, मतदान थंडीत, आणि हा हिशेब दिल्लीत कुणाला माहीत असणार? मुन्शींना मात्र माहीत होता. ज्या दिवशी तारीख कळली त्या दिवशी ते जेवले नव्हते.

दिवसभर गाव आलं. कुणी पेटीला हात जोडले, एका बाईने तर कुंकू वाहिलं. कुणीही आलं की नाव मोठ्याने विचारायचं, यादीत बघायचं, नावापुढे रेघ मारायची आणि कागद द्यायचा, असा रिवाज. मुन्शी नावं विचारत होते, रेघा मारत होते. पान उलटलं की त्या अकरा ओळी तशाच. आपल्या बायकोने आज शहरात मत दिलं असेल, हे मनात आलं तरी त्यांना बरं वाटेना.

पाचाला थोडा वेळ राहिला तेव्हा केंद्राचे प्रमुख रामकिसन मास्तर म्हणाले, "मुन्शी, आवरायला घ्या. आता कोण येतंय."

दारात सावली पडली. पायांवर पोटऱ्यांपर्यंत धूळ, ओठ फुटलेले. तरी मुन्शींनी ओळखलं. ओळखलं तरी रिवाज तो रिवाज.

"नाव?"

"वच्छला."

चावडीच्या ओट्यावर गावातले दहाबारा पुरुष बसले होते. त्यांनी माना वळवल्या. यादीत आणखी दोन वच्छला होत्या. मास्तरांनी चष्मा वर केला.

"नवऱ्याचं नाव सांग बाई. त्याबिगर कागद देता येत नाही."

उखाण्याखेरीज धनगरणीने नवऱ्याचं नाव घेतल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. ते पुढे होऊन सांगणार होते की मी ओळखतो हिला. वच्छलाबाईने त्यांच्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.

"कडूबा," ती म्हणाली. ओट्यावरचं कुणीतरी चुकचुकलं. तिने तिकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणाली, "कडूबा. ऐकू आलं न्हवं?"

मास्तरांनी कागद दिला. ती पडद्याआड गेली. बाहेर आली तेव्हा मुन्शी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

"किती चाललात?"

"दोन रोज. पैठनच्या खालून."

"बाकीच्या?"

"येनार व्हत्या. मेंढरं कोन राखनार? सारजाबाई तर दिवाळीलाच वारली." ती तांब्या उंच धरून घटाघट पाणी प्याली.

"आणि कडूबा?"

"म्हनला, गेलीस तर माघारी येऊ नगंस." तिने पदराने तोंड पुसलं. "म्या म्हनलं, चुलीवर जवारीच्या कन्या ठिवल्यात, तेवढ्या उतू दिऊ नगा."

पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं, तिच्या तोंडावरून ते दिसत होतं. तरी ती थांबली नाही. पदर खोचला आणि आलेल्या वाटेनेच दक्षिणेकडे चालू लागली.

मास्तर पेट्यांवर लाख लावत होते. मुन्शी आत येऊन बसले आणि वच्छलाबाईच्या नावापुढची राहून गेलेली रेघ मारली. मग खालची दहा नावं त्यांनी दाराकडे तोंड करून, एकेक करून, खणखणीत आवाजात वाचली. सारजाबाईचंही वाचलं. नियमात तसं काही नव्हतं. मास्तरांनी हातातली लाखेची कांडी थांबवली आणि दहावं नाव होईपर्यंत पेटीला हात लावला नाही.