पांढरी रेघ

शुक्रवारी ताईचा फोन आला तेव्हा मी टायरच्या एका दुकानाची फीत कापत होतो. निवृत्त शर्यतवाल्याला दोनच कामं उरतात, फिती कापायच्या आणि पाठीला शेक द्यायचा. ताई म्हणाली, "उद्या ये. परवा पोरीची पहिली शर्यत आहे आणि यांनी गाडीचे ब्रेक स्वतः बसवलेत."

"मग?"

"मग काय? तू येऊन बघून जा. तुझ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?"

मी येतो म्हणालो. फोन खिशात टाकला आणि कापलेली फीत हातात धरून फोटोसाठी हसलो. तीन अजिंक्यपदं मिळवलेल्या माणसाला एवढं हसणं जमतंच.

'यांनी' म्हणजे ताईच्या नवऱ्याने, माझ्या दाजींनी. मी अकरा वर्षांचा असताना ते आमच्या घरी ताईला बघायला आले आणि येताना गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवलेली एक ठेंगणी चारचाकी घेऊन आले. मुलगी बघायला आले होते की चालक शोधायला, असं ताई अजून विचारते. मी अंगाने किरकोळ होतो म्हणून ते मला बारक्या म्हणायला लागले, आणि पुढे माझा चेहरा भिंतीएवढ्या जाहिरातींवर झळकला तरी त्यांच्यासाठी मी बारक्याच राहिलो. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. ते ज्या छोट्या संघात ब्रेकचे मेकॅनिक होते तिथे मला घ्यावं म्हणून त्यांनी मालकाच्या केबिनचे उंबरे झिजवले.

आता ते शिलाई मशिनी दुरुस्त करतात. "शिलाई मशीनला ब्रेक नसतो, म्हणून मला देतात," असं स्वतःच सांगून हसतात. मी समोर असलो की खाली बघतो, कारण ते शर्यतीच्या धंद्यातून उठले ते माझ्यामुळे. हे फक्त मला माहीत आहे, असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो.

काय झालं ते सरळ सांगतो, नाहीतर मी फाटे फोडत बसेन. ती माझी जुनी खोड आहे.

शर्यतीच्या गाडीत चालकाच्या डाव्या हाताशी एक घुंडी असते. ब्रेकचा किती जोर पुढच्या चाकांवर जावा आणि किती मागच्या, हे तिच्यावर ठरतं. आमच्या गाडीत ती डावीकडे फिरवली की जोर मागे जायचा, उजवीकडे फिरवली की पुढे. फिरवताना खटके लागायचे, त्यामुळे किती फिरवली ते मोजता यायचं. शर्यतीआधी दाजी घुंडी बरोबर जागेवर आणायचे आणि ताईच्या पांढऱ्या नेलपॉलिशने तिच्यावर एक रेघ ओढायचे. रेघ सरळ वर आली की घुंडी शून्यावर. रस्ता ओला झाला की जोर थोडा मागे घ्यायचा, सुकला की परत पुढे आणायचा. आणि एक नियम होता, तोही दाजींचाच: घुंडीला हात लावला की रेडिओवर सांगायचं. प्रत्येक हालचाल टिपून ठेवणारी यंत्रं तेव्हा आमच्यासारख्या छोट्या संघाला परवडत नव्हती.

त्या दिवशी शर्यतीत मध्येच भुरभुर सुरू झाली. मी तीन खटके मागे घेतले आणि तसं रेडिओवर सांगितलं. थोड्या वेळाने रस्ता सुकला. मी तिसऱ्या नंबरवर होतो, दुसऱ्या नंबरची गाडी अगदी नाकासमोर होती, आणि एका मोठ्या संघाची माणसं खास मला बघायला येऊन बसली होती. लांब सरळ रस्ता संपून वळण येत होतं. घुंडी पुढे आणायची म्हणून मी हात घातला आणि घाईत उलटी फिरवली. आणखी दोन खटके मागे, म्हणजे एकूण पाच. ब्रेक दाबला, मागची चाकं जागच्या जागी अडली, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि पाठमोरी भिंतीवर जाऊन बसली.

मला खरचटलंसुद्धा नाही. धूर निवळल्यावर घुंडीकडे नजर गेली आणि काय घडलं ते कळलं. पहिल्या वर्षाच्या चालकानेही करू नये अशी चूक होती. मदतीची माणसं कुंपणावरून उड्या टाकून धावत येत होती. ती पोचायच्या आत माझा हात घुंडीवर गेला आणि रेघ वर येईपर्यंत मी ती फिरवली. लहान मूल फुटलेल्या कपाचे तुकडे कपाटामागे सारतं, तसं केलं.

हे घाबरून केलं म्हणता येईल. संध्याकाळी केलं त्याला काय म्हणू? मालकाने विचारलं, "तीनवर घेतल्यानंतर घुंडीला परत हात लावला होतास?" मी म्हणालो, "नाही. तीनवर होती ती तीनवरच." दाजी तिथेच दाराशी उभे होते. बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी तर ती शून्यावर ठेवून आलोय. पण दुसऱ्या दिवशी मोडकी गाडी ट्रकमधून कारखान्यात आली, तपासणी झाली, आणि अहवालात घुंडी तीनवर असल्याचंच लिहिलं होतं. वाटेत हादऱ्याने हलली असेल, म्हटलं. देव पावला, म्हटलं. जास्त खोलात गेलो नाही, कारण खोलात जाणं मला परवडणारं नव्हतं.

घुंडी ठीक, चालक ठीक, मग उरलं काय? पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या नळीत हवा राहिली असणार. ती काढायचं काम दाजींचं. मालकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "राहिली असेल."

दाजींना काढून टाकलं. आमच्या धंद्यात बातमी गाड्यांपेक्षा जोरात पळते. ब्रेकमध्ये हवा ठेवणारा मेकॅनिक म्हणून त्यांचं नाव झालं आणि परत कुणी त्यांना दारात उभं केलं नाही. मला मात्र मोठ्या संघाने उचललं. असल्या ब्रेकवर पोरगा तिसरा होता, म्हणाले. पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलेलं आहे. तिन्ही अजिंक्यपदांच्या वेळी पहिला फोन दाजींचा होता, हे मात्र कुठे आलं नाही.

ताईने माझे फोटो भिंतीवर लावले आणि नवऱ्यावर पहारा बसवला. दाजींनी गॅस बंद केला की ती जाऊन परत बघते. त्यांनी दाराला कडी घातली की ओढून बघते. "यांचं काही सांगता येत नाही, हवा ठेवतील," असं पाहुण्यांसमोर म्हणते. पाहुणे हसतात, दाजी हसतात. मीही हसलोय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

शनिवारी दुपारी मी दाजींच्या दुकानात पोचलो. शिलाई मशिनी भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि मधोमध, चार ठोकळ्यांवर, भाचीची बुटकी एकआसनी गाडी उभी होती. भाची नाव नोंदवायला मैदानावर गेली होती. दाजी चाकापाशी बुडाखाली पुठ्ठा घेऊन बसले होते. चष्म्याच्या दोऱ्याला गाठ मारलेली, हातात पाना.

"तपासायला आलास?" त्यांनी विचारलं.

"ताईने बोलावलं म्हणून आलो."

"बरं झालं. शेवटची एकदा हवा काढून घेतो, आणि ते एकट्याचं काम नाही. बस आत, पॅडल दाब."

"मावेन का मी?"

"पोट आत घे. श्वास नंतर घे."

कसाबसा आत शिरलो. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून आम्ही हे काम दोघं करत आलो होतो. मी पॅडल दाबून धरायचं, त्यांनी चाकापाशी स्क्रू उघडायचा, हवा असेल तर ती तेलाबरोबर बुडबुडे काढत बाहेर येते, मग त्यांनी स्क्रू बंद करायचा आणि मी पाय उचलायचा. बोलायचे शब्द तीनच.

"दाब," ते म्हणाले. "धर." आणि मग, "सोड."

तिसऱ्या खेपेला माझी नजर डाव्या हाताकडे गेली. घुंडी होती. तिच्यावर पांढरी रेघ होती, ताजी, बरोबर वर. माझा हात आपोआप मांडीखाली गेला. मला एवढी लाज वाटली की कान तापले. हा माणूस उद्या आपल्या पोटच्या पोरीला या ब्रेकवर सोडणार, आणि त्याचं काम बरोबर आहे की नाही हे सांगायला बोलावलं कुणाला, तर मला.

चाकाआड बसल्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत असता तर बहुतेक मी तेव्हाही गप्प बसलो असतो.

"दाजी, त्या दिवशी नळीत हवा नव्हती."

"दाब."

मी दाबलं. "मी घुंडी उलटी फिरवली होती. पाचवर."

"धर." नळीतून तेल आल्याचा बारीक आवाज आला. "आणि पाय हलवू नकोस, नाहीतर हवा परत आत जाईल."

पाय धरून ठेवला. "लोक यायच्या आत मीच ती शून्यावर आणली. मग खोटं बोललो, आणि सगळं तुमच्यावर आलं."

पाना फिरला. "सोड," दाजी म्हणाले.

ते उठले नाहीत. फडक्याने हात पुसत तिथूनच बोलले. "शून्यावर होती, माहितेय मला. ट्रकमधून गाडी उतरवली तेव्हा पहिला हात माझाच लागला. नळ्या तपासल्या, थेंबभर हवा नव्हती. घुंडी बघितली तर रेघ वर. तू तर तीन सांगून बसला होतास. मालक यायच्या आत मी ती तीनवर नेली."

मी विचारलं, "का?"

"ती मोठ्या संघाची माणसं तुला बघायला आली होती. चूक चालकाची ठरली असती तर तू तिथेच संपला असतास. मेकॅनिकचं काय, त्याला दुसरीकडे काम मिळतं." मग म्हणाले, "तेवढा माझा अंदाज चुकला."

"मला एकदा विचारायचं तरी होतं."

"वाट बघत होतो. पहिला आठवडाभर रोज वाटायचं, आज बारक्या येईल. मग तू पहिली शर्यत जिंकलास, म्हटलं आता तरी येईल. पुढे सोडून दिलं."

यात राग नव्हता. लाईट गेली होती, मग आली, अशा आवाजात सांगितलं. त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला असता तर मी त्यांचे उपकार मानले असते. ताई 'हवा ठेवतील' म्हणायची आणि मी हसायचो, तेव्हा समोर बसून हसणाऱ्या या माणसाला सगळं माहीत होतं. माझं हसणं तो बघत होता. आपलं पाप निदान आपल्यापुरतं आहे, एवढाच काय तो मला आधार होता, आणि तोही खोटा निघाला.

"ताईला माहितेय?"

"तुझी बहीण आहे ती. तुझ्याबद्दल असलं तिला मी कसं सांगणार? ते तुझं काम होतं."

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. तीन कप. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झालं का बघून? खरं सांग हं. यांना वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस काही."

मी उठायला गेलो, पण खांदे सीटमध्ये बसले होते ते निघेनात. म्हणून तसाच, पाय लांब करून, मान वर करून, लहानपणी सांगायचो तसं सगळं सांगितलं. घुंडी, पाच, शून्य, तीन. ती आधी हसली, मी थट्टा करतोय असं वाटून. मग हसू गेलं. ट्रे तिने एका शिलाई मशीनवर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने दाजींना विचारलं.

"हो."

ती स्टुलावर बसली. मग त्यांनाच म्हणाली, "बावीस वर्षं मी तुमच्यामागे गॅस बघत फिरले."

"गॅस दोनदा बघितलेला बराच असतो," दाजी म्हणाले.

कुणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने न पुसता तसंच येऊ दिलं. ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने उठून एक कप दाजींच्या हातात दिला, त्यांचे हात तेलकट होते म्हणून कपाचा कान त्यांच्याकडे करून दिला, दुसरा स्वतः घेतला. तिसरा ट्रेमध्येच राहिला.

बाहेर स्कूटर थांबली. भाची हेल्मेट काखेत मारून आत आली, नोंदणीचा कागद नाचवत. मला गाडीत बसलेला बघून खूश झाली. लहानपणापासून तिच्या खोलीत भिंतीवर माझाच फोटो आहे.

"मामा, बघितलेस ना ब्रेक? उद्या बिनधास्त जाऊ ना?"

मी तोंड उघडलं.

"त्याला कशाला विचारतेस?" ताई म्हणाली. "तुझ्या बाबांनी बसवलेत ना. आणि मामाला हात दे, त्याला उठता येत नाहीये."